बीटलच्या मागच्या सीटबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा दिलाय आणि चार तक्रारी लिहिल्यात. व्हिडिओत २ मिनिटांत निघणारी मागची सीट काढायला आम्ही २ दिवस लावले, त्याची वेगळी मजुरी घेतली, सीटची स्प्रिंग न विचारता कापली आणि वर फ्लोअरच्या पत्र्याचं काम गळ्यात मारायला बघितलं. उत्तर इथेच देतोय, कारण फोक्सवॅगनची जुनी बीटल गाडी दारात असलेली गोव्यातली इतर घरंही हे वाचतील.

पण आधी एक विनंती. तुम्ही गाडी रागाने जशी होती तशी घेऊन गेलात. तिच्या बॅटरीवर आज कव्हर नाही. ते बसेपर्यंत मागच्या सीटवर, आणि उजव्या बाजूला तर मुळीच, कुणाला बसू देऊ नका.

तुम्ही बघितलेला व्हिडिओ बरोबर आहे. बीटलची मागची बैठक हातानेच निघते. पुढची कड उचलायची आणि ओढायची, पानासुद्धा लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बीटलची आम्ही तशीच काढतो आणि त्याचे पैसे लावत नाही. तुमच्या गाडीची डावी बाजू हलत होती, उजवी जागची हलेना. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडेच असते. तुमच्या बॅटरीचं ॲसिड बाहेर येत होतं, त्यात मागच्या काचेच्या रबरातून पावसाचं पाणी उतरलेलं. सीटच्या फ्रेमची तार आणि खालचा पत्रा गंजून फुगले आणि एकमेकांत रुतून बसले. कोरड्या हवेतल्या गाडीवर केलेल्या व्हिडिओत हे दिसणार नाही. आपल्याकडे चार महिने ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हमखास दिसतं.

टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून उचकटली असती तर सीट लगेच निघाली असती, आणि तिच्याबरोबर पत्र्याचा तुकडाही आला असता. तेही एक वेळ जोडता येतं. खरी भीती वेगळी होती. कुठल्याही जुन्या गाडीत हात घालण्याआधी बॅटरीची अर्थिंग, म्हणजे तिला बॉडीशी जोडणारी पट्टी, सोडायची, ही पहिली शिस्त. इथे बॅटरीच अडकलेल्या सीटखाली. म्हणजे चालू बॅटरीच्या टर्मिनलवर लोखंडी स्प्रिंगा टेकायला आलेल्या असताना ती सीट हलवायची होती. स्प्रिंग पॉझिटिव्हला लागली आणि फ्रेम बॉडीला, की थेट शॉर्ट. बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलच्या वाटेत फ्यूज नसतो, त्यामुळे थांबवणारं काही नाही. "सहाच व्होल्ट तर आहेत" असं तुम्ही काउंटरवर म्हणालात. ६ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, हे बरोबर. पण शॉर्ट झाल्यावर करंट इतका वाहतो की तार बघता बघता लाल होते. आणि त्या तारेवर असते काथ्याची गादी. वाळलेला काथ्या कसा पेटतो हे नारळाच्या मुलखातल्या माणसाला मी काय सांगू. बीटलना सीटखालून आग लागल्याच्या हकिगती जगभर आहेत, आणि बहुतेकांत हेच कारण असतं.

म्हणून डावीकडून सुरुवात केली. ती बाजू जेमतेम हात जाईल एवढी उचलून खाली लाकडी ठोकळा सरकवला. टॉर्च लावून बघितलं, तर एक स्प्रिंग टर्मिनलपासून बोटभर अंतरावर होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पट्टीला बांधून आत ढकलला आणि टर्मिनल झाकलं. मग पान्याला टेप गुंडाळून अर्थिंगची पट्टी सोडली. आमच्या मेकॅनिकने हे सगळं पालथं पडून, मनगट वळवून, न बघता केलंय. त्यानंतर गंजलेल्या कडेला गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी हलवलं, परत तेल, परत थांबलो. तुमच्या २ दिवसांतला मोठा भाग हा आहे, आणि त्या थांबण्याची मजुरी आम्ही धरलेली नाही. बिलात फक्त हाताने केलेलं काम आहे.

ग्राइंडर का नाही चालवला, असं तुमच्याबरोबर आलेल्या गृहस्थांनी विचारलं होतं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, वर काथ्या, आणि ग्राइंडर म्हणजे ठिणग्यांचा फवारा. आमच्या गॅरेजात सीटजवळ ग्राइंडर चालत नाही आणि पुढेही चालणार नाही.

आता स्प्रिंगचं. उजव्या कोपऱ्यातली फ्रेमची एकच तार, जी गंजून पत्र्यात गेली होती, ती हॅक्सॉ ब्लेडने हाताने कापली. कापण्याआधी फोटो जॉब कार्डवरच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवला आणि होकार आल्यावरच ब्लेड लावलं. तो नंबर तुमच्या चिरंजीवांचा आहे. घरी ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, पण विचारलं नाही असं झालेलं नाही. बाकी सगळ्या स्प्रिंगा मूळच्या आहेत. कापलेल्या जागी त्याच जाडीची तार वळवून बसवली आहे, गादी आणि वरचं कापडही मूळचंच ठेवलंय. नवा फोम भरून चकचकीत रेक्झिन चढवणं आम्हाला सोपं होतं आणि त्यात पैसेही जास्त मिळाले असते. पण तुमची गाडी मुक्तीच्या आधीची, १९६१ पूर्वी थेट गोव्यात उतरलेली. त्या काळची सीट एकदा फेकली की गेली.

पत्र्याबद्दल तुम्ही सर्वांत जास्त चिडलात, तर तेही लिहितो. बॅटरी उचलून खाली खायच्या सोड्याचं पाणी ओतलं तेव्हा फेस फसफसत वर आला आणि पाणी सरळ गॅरेजच्या फरशीवर गळलं. बॅटरीखाली तळहाताएवढं भोक आहे. बीटलमध्ये हा पत्रा नुसता फ्लोअर नसतो. मधला बोगदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी जोडलेले पत्रे हीच तिची चासी, आणि बॉडी त्यावर बोल्टने बसते. बॅटरीखालचा पत्रा आणखी सडला की खड्ड्यात चाक आदळल्यावर बॅटरी जागेवरून सुटू शकते. तुम्हाला विंटेज नोंदणी करायची आहे असं तुम्हीच सांगितलं होतंत. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये जे नियम आणले, त्यात गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत अशी अट आहे. म्हणून आम्ही तेवढाच भाग कापून त्याच घडीचा पत्रा जोडायचं सुचवलं. आमच्याकडेच करा असं नाही. फोंडा असो की म्हापसा, चांगला वेल्डर बघून करून घ्या, पण पुढच्या पावसाआधी करा. आणि वेल्डिंगच्या वेळी सीट, काथ्या, बॅटरी सगळं गाडीबाहेर आहे ना, हे उभं राहून बघा.

सीट काढण्याची मजुरी परत देणार नाही. ते काम झालंय आणि नीट झालंय.

बॅटरीच्या कव्हरचे मात्र पैसे नकोत. जाड रबराचं, तुमच्या बॅटरीच्या मापाचं कापून काउंटरवर ठेवलंय. रविवार सोडून कधीही कुणालाही पाठवा, हातात देऊ. आणलीत तर बसवूनही देऊ, १० मिनिटांचं काम आहे. चतुर्थीला नातवंडांना मागे बसवून गावी जायचं म्हणत होतात, त्याआधी न्या. तोपर्यंत गाडी उभी असेल तेव्हा अर्थिंगची पट्टी सोडून ठेवा. सीट आता हाताने निघते.