तेल लावणं म्हणजे पॉलिश मारणं नव्हे

जुन्या लष्करी रायफलींचा अस्सलपणा जपण्यावरचा लेख वाचला. अशा रायफलला हातच लावू नये, असं त्यात सरसकट म्हटलंय. मालवणात ते चालायचं नाही. खारा वारा, वर चार महिने पाऊस. आमच्याकडची शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक तेलाचा हात चुकला की लगेच तांबूस होते. लोखंडाला पातळ तेल, लाकडाला जवसाचं तेल, एवढं हवंच. त्याने अस्सलपणा जात नाही.

पॉलिश पेपर मात्र नकोच, हे लेखातलं म्हणणं पटलं. ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या लाकडावरचे तपासणीचे शिक्के उथळ असतात, घासले की गेले. कडाही गोल होतात.

पण 'एफटीआर' (फॅक्टरी थरो रिपेअर) शिक्क्याच्या रायफली कारखान्यातच पूर्ण उघडून दुरुस्त झालेल्या, कित्येकींवर काळा सनकोराइट रंग. तो खरवडून खालचं 'मूळ' शोधणारे महाभाग आहेत! अहो, तो रंगही लष्करी सेवेतच चढलाय. चकचकीतच हवं तर सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्या की.

आणि ली-एन्फिल्डचं .३०३ हे नळीचं माप आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या मापांत मोडतं, अशी रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.