समेवर कॅमेरा कुठे होता?

आज एका मैफलीतून मध्यंतरातच उठून आले. नवरा म्हणाला, अगं चहा तरी घे. चहाही घेतला नाही, इतकं डोकं फिरलं होतं.

गाण्याबद्दल तक्रार नाही, ते आधीच सांगते. पूरिया धनाश्री राग होता आणि गाणारी मुलगी (तिशीचीसुद्धा नसेल) अगदी मन लावून, सावकाश मांडत होती. पण स्टेजच्या डाव्या अंगाला क्रेन, तिच्या टोकाला कॅमेरा, आणि तो तिच्या डोक्यावरून सारखा घिरट्या घालतोय. मागे भलामोठा एलईडी स्क्रीन. त्यावर कधी तिचा चेहरा, कधी कुठल्यातरी थंड देशातली पानगळ, कधी प्रायोजकाचा लोगो. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन ती समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाली, तबलजीनं मान वर केली, माझा हात मांडीवर पडायच्या बेतात, आणि स्क्रीनवर कोण? पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे! मोबाइलमध्ये बघत बसलेले. सम त्यांच्या टकलावर पडली.

मध्यंतरात एका कार्यकर्त्याला विचारलं, बाळा, ती क्रेन जरा थांबवता येईल का? तर म्हणे, "मॅडम, रीलसाठी मूव्हमेंट लागते."

रीलसाठी! अरे, तुझं रील अर्ध्या मिनिटाचं. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कधीकधी मिनिटभर चालतं. म्हणजे एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंतचं अंतरसुद्धा तुझ्या रीलमध्ये मावत नाही. मग त्यात काय मावतं? एखादी तान, एखादी तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवलेला तुकडा), तबलजीच्या बोटांचा क्लोजअप आणि वर 'अंगावर काटा' असं लिहिलेलं. ख्याल, म्हणजे सावकाश फुलणारं ते अख्खं गाणं, गेला कुठे? तो कापाकापीत गेला.

आमच्या अण्णांकडे एक व्हीएचएस कॅसेट होती. मिरजेच्या उरुसातली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, चिंचेच्या झाडाखाली, ते तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे. गवई तिथं हजेरी लावायला येतात. असंच एका वर्षी कुणीतरी लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका काकांना बोलावलं होतं. काकांनी स्टँड लावला, कॅमेरा चालू केला आणि जेवायला निघून गेले. लग्नात एकदा अक्षता पडल्या की पंगत गाठायची, ही सवय. ते परत येईपर्यंत कॅमेरा जागचा हलला नाही.

आणि मित्रांनो, मी आजवर बघितलेलं मैफलीचं सगळ्यात चांगलं चित्रण ते आहे.

मधोमध गाणाऱ्या बाई. मागे दोन तानपुरे. तबला पूर्ण दिसतो, पेटीवाले अर्धे कापले गेलेत. बस्स. पण त्यात सगळं दिसतं. समेच्या आधी बाई तबल्याकडे किंचित बघतात ते दिसतं. मागची शिष्या तानपुरा छेडता छेडता ओठ हलवते आणि एका ठिकाणी घाबरून थांबते, तेही दिसतं. अण्णा स्वतः तबला शिकवायचे. ती कॅसेट लावून आम्हा भावंडांना म्हणायचे, "आता बघ, आता बाई मुद्दाम उशिरा येतील." आणि बाई यायच्या उशिरा! तबलजी हसायचा. हे हसू आजच्या क्रेनला सापडलं असतं? ती तेव्हा छतावरची झुंबरं टिपत असती.

आता काही जण लिहितील, ताई, तुम्हाला कॅमेराच नको आहे. चूक. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात. मेटनं हा प्रकार २००६ च्या डिसेंबरात सुरू केला. भाचीनं मला ओढून नेलं तेव्हा मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी शेवटपर्यंत बसले. गाणाऱ्याच्या मानेची शीर दिसत होती, खाली शब्द येत होते, आणि मध्यंतरात पडद्यामागे सेट बदलणारे कामगारसुद्धा दाखवले. त्यांच्याकडेही कॅमेरे भरपूर, तेही हलतात. पण तिथं संगीत आधी लिहिलेलं असतं. दिग्दर्शकाला आधीच माहीत असतं की आता ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजणार, मग कॅमेरा ओबोवाल्याकडे त्याच्या आधी पोचतो.

आपल्याकडे लिहिलेलं काही नसतं, पुढच्या आवर्तनात काय होणार ते गाणाऱ्यालाही पक्कं माहीत नसतं, हे मान्य. मग तर कॅमेऱ्यामागे ताल समजणारा माणूस जास्तच हवा ना? निदान त्याच्या कानाशी बसून "आता सम येतेय, हलू नकोस" एवढं सांगणारा कुणी? गावोगावी तबल्याच्या परीक्षा देऊन घरी बसलेली पोरं आहेत. त्यातलं एक बसवा. क्रेनच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल!

सिनेदिग्दर्शक मणी कौलांनी १९८२ मध्ये 'ध्रुपद' हा माहितीपट केला, ध्रुपद या ख्यालाहून जुन्या शैलीतल्या झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन या डागर बंधूंवर. मणी कौल स्वतः ध्रुपद शिकत होते आणि ते फ्रेमफ्रेममध्ये कळतं. कॅमेरा आलापासारखाच (तालाशिवाय राग सावकाश उलगडतात तसा) घाई न करता चालतो. शेवटी तो मुंबईच्या छपरांवरून कितीतरी वेळ सरकत राहतो, गाणारे दिसतही नाहीत, आणि तरी आपण ऐकणं सोडत नाही. कंटाळवाणा आहे म्हणणारे भेटतात. भेटोत.

बरं, प्रेक्षक दाखवायलाही माझी ना नाही. अमेरिकेतल्या १९६७ च्या मॉन्टेरे संगीत महोत्सवावर पेनबेकर या दिग्दर्शकानं सिनेमा केलाय. त्याच्या शेवटी रविशंकरांची सतार आहे, साथीला अल्लारखाँ. सतार ऐकू येते, पण सुरुवातीला बराच वेळ रविशंकर दिसतच नाहीत. दिसतात ती गवतावर पहुडलेली, फुलं माळलेली, पेंगुळलेली पोरं. मग हळूहळू त्यांचे चेहरे बदलायला लागतात आणि तेव्हा कुठे कॅमेरा सतारीकडे वळतो. ती पोरं ऐकत होती हो! आमचे प्रमुख पाहुणे व्हॉट्सॲप बघत होते.

गायिका किशोरीताई आमोणकरांवरचा 'भिन्न षड्ज' हा माहितीपट मी पुन्हा पुन्हा बघते, त्यात त्या बोलतात तेव्हासुद्धा गातायत असं वाटतं. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आज नको, आज डोकं तापलंय.

माझी नाशिकची मावसबहीण गुडघ्यांमुळे हॉलच्या पायऱ्या चढू शकत नाही. तिचा सगळा सवाई गंधर्व महोत्सव हल्ली फोनवरच होतो. तिला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "तुझं बरं आहे, तू उठून यायला तरी गेली होतीस." ठीक आहे. तो मुद्दा आहे. पण तिच्यासाठी तरी नीट दाखवा की! तिला हॉलमध्ये बसल्यासारखं वाटायला हवं. हॉलमध्ये कुणी माणूस गाणाऱ्याच्या डोक्यावरून उडत नाही.

हे लिहिता लिहिता त्या क्रेनवाल्या पोरावरचा राग मात्र उतरला. तोही एरवी लग्नांचंच शूटिंग करत असणार. त्याला कानातल्या यंत्रातून कुणीतरी सतत सांगत होतं, फिरव, फिरव, पाहुणे घे. मिरजेच्या काकांना असं सांगणारं कुणी नव्हतं आणि पंगत चांगली होती, एवढाच फरक. राग आहे तो फिरव म्हणणाऱ्यावर. गाणं लोकांना कंटाळवाणं वाटेल ही भीती त्याच्या मनात आहे. मग मैफल ठेवायचीच कशाला? ऑर्केस्ट्रा ठेवा, तोही मी आवडीनं ऐकते.

आता कामाचं. अण्णा गेल्यावर ती कॅसेट मिरजेच्या घरी कपाटात होती. परवा भावानं पाठवली. टेपवर पांढरी बुरशी दिसतेय. इथल्या एका दुकानदारानं बघूनच परत केली, म्हणे मशीन खराब होईल. बुरशी साफ करून कॅसेट डिजिटल करून देणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर पाठवा. पुणे, मुंबई, कोल्हापूर, कुठेही. पैसे देईन. फक्त आवाज काढून देतो म्हणणारा नको, तसा एक भेटलाय. मला चित्र हवंय, अर्ध्या पेटीवाल्यासकट.