फ्लटरचं तेरावं, पुन्हा एकदा

दर सहा महिन्यांनी कुणीतरी फ्लटरचं, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवणाऱ्या गूगलच्या टूलकिटचं, तेरावं घालतं आणि पिंडाला कावळा काही शिवत नाही. या वेळी पाळी आमच्या क्लायंटची. ॲप अर्धं झालंय, आणि साहेबांना रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर साक्षात्कार: "फ्लटर बंद होतंय म्हणे. रिॲक्ट नेटिव्हवर जाऊ या का?"

जाऊ की! फेसबुकचं तसलंच टूलकिट ते. २०१५ साली आलं तेव्हापासून तेही मरतंच आहे. २०१८ मध्ये एअरबीएनबीने सोडलं तेव्हा लोक सुतकातच बसले होते.

बरं, भीती अगदीच खोटी नाही हो. असंच टूलकिट म्हणून फोनगॅप शिकलो, ते अडोबीने २०२० मध्ये गुंडाळलं. मग तसलंच झामरिन शिकलो, १ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवला. म्हटलं, आयफोन-अँड्रॉइडच्या थेट मालकाचंच टूलकिट धरावं. तर ॲपलने २०१९ मध्ये स्विफ्टयूआय काढलं, गूगलने २०२१ मध्ये जेटपॅक कंपोझ. आता जेटब्रेन्सने तेच कंपोझ आयफोनवरही नेलंय. शिका परत!

आणि एवढं करून बनवतो काय? एक फॉर्म. नाव, मोबाइल नंबर, ओटीपी, खाली निळं बटण. तेच बटण मी पाचव्यांदा लिहितोय. कीबोर्ड वर आला की ते अजूनही त्याच्याखाली जाऊन बसतं. पाचही टूलकिटांत!

साहेबांना लिहिलं, "सर, उद्या बोलू." मग उगाच फ्लटर अपग्रेड करायला घेतलं. ॲपचं बिल्ड अजून लाल, म्हणजे फेल आहे.