‘डाग पडलेला आरसा गळ्यात मारला’ या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. एवढे पैसे मोजून पारा उडालेला आरसा मिळाला, चेहरा हलल्यासारखा दिसतो आणि नवा पारा लावून द्यायला दुकानदार नाही म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय.

आधी आमची चूक. फोटो समोरच्या उजेडात काढल्यामुळे खालच्या कडेचे करडे ठिपके त्यात दिसतच नव्हते. ते वेगळे दाखवायला हवे होते. माफ करा. आता तिरप्या उजेडातले, जवळून काढलेले फोटो टाकलेत.

पाऱ्याबद्दल मात्र माझं उत्तर बदलणार नाही. आपण बोलताना कुठल्याही आरशाचा ‘पारा उडाला’ म्हणतो, पण इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो या काचकामासाठी प्रसिद्ध बेटावरच्या या आरशामागे खरोखरच पारा आहे. कथलाचा वर्ख सपाट पाटावर पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवत न्यायची आणि वजनं ठेवून कित्येक दिवस दाबून ठेवायची. पाऱ्याऐवजी चांदीचा लेप द्यायची रीत लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली ती १८३५ मध्ये. तुमचा आरसा अठराव्या शतकाच्या अखेरचा. उभ्या आरशातला पारा वर्षानुवर्षं खाली उतरत राहतो, म्हणून ठिपके खालीच जास्त दिसतात. ही पाठ खरवडली तर तिची थंड, निळसर झाक कायमची जाईल. कामही विषारी आहे. मागची फळी उघडू नका, आरसा आडवा ठेवू नका, आणि खालच्या कडेला चकाकता थेंब दिसला तर हात न लावता आम्हाला फोन करा.

चेहरा हलतो तो काचेमुळे. फुंकून नळकांडं करायचं, ते उभं चिरायचं आणि तापवून सपाट करायचं. त्या काचेत किंचित लाट राहतेच.

एक कराल का? चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातल्या फुलावर नख फिरवा. काच गुळगुळीत लागेल, कारण ते फूल मागच्या बाजूने चाकावर कोरलंय. एका पाकळीत कारागिराचं चाक जरासं पुढे गेलंय. आरसा दुकानात होता तेव्हा मी रोज ती पाकळी बघायचो.

तरीही मन लागत नसेल तर आरसा परत पाठवा. पूर्ण पैसे देऊ, नेण्याचा खर्चही आमचाच. फक्त तोवर बाहेर कुणाकडून नवा पारा लावून घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती.