शंभर टक्के शुद्ध लोकर

कपडा अस्सल आहे हे दुकानदार सांगतो तेव्हा माझा विश्वास बसत नाही. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली की मात्र खात्री पटते. कपाटात दहा सुती बनियन, चार टेरिकॉटच्या पँटी आणि एक काश्मिरी शाल असेल, तर भोक शालीलाच पडणार. तेही अगदी दर्शनी भागात, घडीत लपवता येणार नाही अशा जागी. पॉलिएस्टरकडे ती ढुंकूनही बघत नाही. लोकरीचं मिश्रण असेल किंवा त्यावर वरण सांडलं असेल, तरच थोडीफार सवलत.

पहिला घोळ आरोपी ओळखण्यात होतो. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा पतंग या खटल्यात बहुधा निर्दोष असतो. तो रव्याच्या डब्यातून आला असेल तर तो खटला स्वयंपाकघराचा. कपड्यांचा पतंग जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचा, फिकट सोनेरी आणि उजेडाला बुजणारा. कपाट उघडलं की तो बाहेर येत नाही, घडीत पळतो. टाळी वाजवून त्याला मारलं की समाधान मिळतं, शाल वाचत नाही. त्या बिचाऱ्याला खायला धड तोंडच नसतं. खाऊन बसलेली असते ती अळी. एकेक मादी ४०-५० अंडी घालते आणि अळीपण कसं जाईल हे उबेवर आणि जेवणावर अवलंबून: कधी दोन महिने, कधी दोन वर्षं. काही सरकारी कामंसुद्धा याहून लवकर होतात.

तिची आणखी एक भावकी आपल्याकडे भिंतीवर राहते. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी चिकटलेली दिसते ना, तीच. तिच्या दोन्ही टोकांना दारं असतात आणि अळी हव्या त्या दारातून डोकं काढते. मुख्य आहार कोळिष्टकं आणि गळलेले केस. लोकर मिळाली तर नाही म्हणत नाही.

पण कसरीला खरी मेजवानी मिळते ती सोवळ्यात नेसायच्या लोकरी धाबळीत. गौरी-गणपतीला नेसायची, घामाने भिजवायची, तिच्यावर तुपाचे दोन थेंब पाडायचे आणि साबण लागायला नको म्हणून तशीच घडी घालून वर्षभर ठेवायची. नुसती लोकर तिला पुरत नाही. घाम आणि तूप म्हणजे तोंडीलावणं. घडी उलगडून निऱ्या उजेडात धरा. बारीक वाळूसारखे दाणे पडतील, आणि धाबळी लाल असेल तर दाणेही लालच. ती अळीची विष्ठा. रंग पचत नसावा, बाकी सगळं पचतं.

उपाय एकच, आणि तो कोणालाच आवडत नाही: कपाट पूर्ण रिकामं करायचं. एक खण आज, एक पुढच्या रविवारी, असं केलं की अळ्या त्या मधल्या आठवड्यात घर बदलतात. लोकरीचे कपडे कडक उन्हात उलटे टाकायचे आणि कॉलरखाली, शिवणीत, खिशांच्या कोपऱ्यांत ब्रश फिरवायचा. रेशमाला ऊन नको, सावलीत वारा पुरे. कपाटाच्या फटींतून व्हॅक्यूमची चिंचोळी नळी फिरवून तो कचरा लगेच घराबाहेर. कपाटाखाली केसांचे गोळे साठलेले असतात, तेही. आणि एसीच्या मागे कबुतरांचं जुनं घरटं असेल तर ते आधी काढा. पिसांचं ते अन्नछत्र चालू असेपर्यंत आतली सफाई म्हणजे नुसता व्यायाम.

जी लोकर धुता येत नाही ती पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे. इथे घरात वाटाघाटी होतात, कारण त्या जागेवर जानेवारीत सोललेल्या मटारांचा दावा असतो. शाल बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून लोकर ओली होते आणि मग वास येतो.

डांबराच्या गोळ्यांवर आपली श्रद्धा आहे, पण त्यांचा उपयोग फक्त बंद डब्यात. त्यांची वाफ कोंडली तरच मारते. दार नीट न लागणाऱ्या कपाटात गोळ्या टाकल्या की कसर तिथेच राहते आणि लग्नात आपल्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी होते. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवायच्या, जरीला लागू न देता. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मात्र अजिबात नाही. काही बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला जरूर ठेवा, वास छान येतो. आत बसलेल्या अळीला मात्र तो बाहेर काढत नाही.

कपाशीच्या शेतात लावतात तसे, मादीच्या गंधाने भुलवणारे कामगंध सापळे कपड्यांच्या पतंगांसाठीही मिळतात. त्यात फक्त नर सापडतात. म्हणजे ती शिरगणती, बंदोबस्त नव्हे. शिरगणतीत आकडा वाढला, तर कुठला तरी खण तपासायचा राहिलाय.

आणि पट्टी न दाबताच पेटीचा एखादा सूर वाजू लागला, तर घरात भुताटकी नाही. पट्टीखालच्या झडपेची बनात, म्हणजे तिथलं जाड लोकरी कापड, खाल्ली गेली आहे, तिथून हवा निसटते आहे. पेटी फ्रीजरमध्ये मावत नाही. ती दुरुस्तीलाच न्यायची, आणि परत आल्यावर तिच्यावर लोकरीची शाल पांघरायची नाही.