डोळे मिचकावा, सर

‘ग्राहकाला बाजूने उत्तरे सांगितली जात असल्याचे आढळल्यामुळे आपली व्हिडिओ केवायसी नामंजूर करण्यात येत आहे.’ बँकेचा मेसेज. व्हिडिओ केवायसी म्हणजे व्हिडिओ कॉलवर बँकेला आपली ओळख पटवणं. पन्नाशीला टेकलेला माणूस कॉपी करताना सापडला. आणि कॉपी कशाची? स्वतःच्या जन्मतारखेची!

झालं असं, की कपाशीच्या पऱ्हाट्यांनी गच्च भरलेली एक ट्रॉली आमच्या गल्लीतून गेली आणि खांबावरून घरात आलेली फायबरची वायर सोबत घेऊन गेली. केबलवाला म्हणाला, जोडायचं मशीन पारोळ्याकडे गेलंय. मशीन आल्याशिवाय इलाज नाही, कारण फायबर म्हणजे केसाएवढी काच, तिची टोकं वितळवून एकमेकांना चिकटवावी लागतात. हे मला ठाऊक होतं, शेजारच्या आप्पांना नव्हतं. त्यांनी माझ्या आधीच स्टुलावर चढून दोन्ही टोकांना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळून ठेवली होती. “तार ती तार रे भो. करंट जाईच.”

मोबाइलला आमच्या घरात रेंजची एक काडी असते, तीही पाहुण्यासारखी. दोन काड्या फक्त आप्पांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या दक्षिण बाजूला. तिथे कुरडया वाळत घातलेल्या होत्या. मार्च संपत आलेला, ऊन अमळनेर तालुक्यातलं. बँकेच्या व्हिडिओ कॉलसाठी मी एका हातात फोन, दुसऱ्या हातात पॅनकार्ड, काखेत आधार, आणि चपला काढून कुरडयांच्या दोन ओळींमध्ये अनवाणी उभा. लाद्या तापल्या की माणूस आपोआप नाचतो. पलीकडच्या बँकेच्या बाईंना तेही संशयास्पद वाटलं असणार.

“सर, डोळे मिचकावा.”

मिचकावले. चित्र अडकलं. त्यांना मी डोळे मिटलेला दिसत राहिलो.

“सर, डोळे उघडा.”

मी डोळे फाडून उभा. तेवढ्यात आप्पा वर आले. खांद्यावर उपरणं, हातात कावळे हाकलायची काठी. त्यांनी आधी मला पाहिलं, मग फोनमधल्या बाईंना, मग पुन्हा मला.

“काय करी ऱ्हायना रे भो? बाईमाणूसले डोया मिचकावस?”

मी हातानेच त्यांना गप्प राहायला सांगितलं. पॅनकार्ड त्याच हातात असल्यामुळे बाई म्हणाल्या, “सर, कार्ड स्थिर धरा.” स्थिर धरलं. “आता जन्मतारीख सांगा.” मी तोंड उघडलं, आवाज तिथे पोहोचला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. आप्पांना माझी कीव आली. ते माझ्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये ओरडले, “पोळाना दुसरा दिवस! याना बाप नि मी बैल धुवाले गयथूत, तवय निरोप उना!”

नेमकं हे वाक्य मात्र एकही अक्षर न गाळता पोहोचलं.

“सर, तुमच्याबरोबर कोण आहे?”

“मी शे ना, आप्पा,” आप्पा म्हणाले. “गच्ची मन्ही शे.”

“सर, तुमच्यावर काही दबाव आहे का?”

दबाव? बाई, माझ्या उजव्या पायाखाली कुरडई आहे, डाव्या पायाखाली तापलेली लादी आहे आणि डोक्याशी काठी घेतलेले आप्पा आहेत. पण हे सगळं सांगायच्या आत कॉल कापला गेला. आणि नियम बँकेच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेने ही व्हिडिओवरची ओळखपरेड 2020 मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी स्पष्ट लिहून टाकलं, की ग्राहकाला कुणी पढवताना दिसलं तर प्रक्रिया नामंजूर करावी. नियम योग्यच आहे, फसवणुकी होतात. पण तो लिहिणाऱ्याच्या घरात दार लावून घेता येईल अशी खोली असणार, आणि त्या खोलीत नेट असणार.

आप्पांना मात्र आपलं काही चुकलं असं वाटेना. उलट त्यांनी कुरडई मोडल्याबद्दल मला ऐकवलं, आणि नंतर सावलीत बसवून पाणी दिलं. मी तावातावाने म्हणालो, “आप्पा, बस झालं. मी आता थेट आकाशातून नेट घेतो.”

“आभायमाईन? मन्हा टीव्ही येस तसं?”

“तसंच, पण तसं नाही.” टीव्हीचे उपग्रह पृथ्वीपासून 35,786 किलोमीटरवर असतात. तिथून मालिका नुसती खाली येते, पाव सेकंद उशिरा आली तरी सासू सुनेला बोलायची थांबत नाही. पण त्याच उंचीवरून नेट घेतलं तर आपला प्रश्न वर, तिथून खाली, मग उत्तर वर, पुन्हा खाली, असा जवळपास दीड लाख किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा त्याला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे बाईंनी ‘मिचकावा’ म्हटल्यावर मी रेंगाळूनच मिचकावणार. स्टारलिंक या कंपनीचे नेटसाठीचे नवे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरच फिरतात. त्यामुळे तो उशीर जाणवत नाही.

“साडेपाचशे? म्हणजे मुंबईना पुढे?”

“हो, मुंबईच्याही पुढे. पण वर.”

“मन्हा पुतण्या मुंबईले शे. तो फोन उचलत नही. हाऊ काय उचली!”

मी त्यांना सांगितलं, की स्टारलिंकला जून 2025 मध्ये केंद्राचा परवाना मिळाला, नोव्हेंबरात राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं आणि त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिवबरोबर आपल्या नंदुरबारचंही नाव आहे. सातपुड्यात तोरणमाळच्या बाजूला जिथे खड्डा खणून फायबर न्यायचं म्हणजे कातळ फोडायचा, तिथे हे आभाळातलं नेटच कामाचं, यात मला शंका नाही. “मंग नंदुरबारले जाय,” आप्पा म्हणाले. “तू अमळनेरवाला.”

टोमणा वर्मी बसला, कारण आमच्यासारख्या सपाटीवरच्या गावाला खरं तर फायबरच परवडतं. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना 2011 साली मंजूर झाली, 2015 मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. आमच्याही गावात फायबर आलं आहे. गावात आलं आहे, घरात टिकत नाही. तिथून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात खांब, पऱ्हाट्या, माकडं आणि पारोळ्याला गेलेलं मशीन येतं. टॉवरवरून छतावरच्या डब्यात येणारं एअरफायबर चांगलं, पण तो टॉवर जवळ हवा. आमचा जवळचा टॉवर वीज गेली की थोड्या वेळाने मान टाकतो. आणि बँक, पीकविमा, पेन्शन, पोराचा प्रवेश, सगळ्यांनी धरून चाललंय की आम्ही खाटेवर बसून बोट लावायचं. पूर्वी या कामाला एसटीने अमळनेरला जायचो, काउंटरवरचा माणूस खेकसायचा, पण खेकसताना त्याचं चित्र अडकत नव्हतं. त्याने मला डोळे मिचकवायलाही कधी सांगितलं नाही.

राग ओसरल्यावर आप्पांनी व्यवहाराचं विचारलं. डिशला वर मोकळं आभाळ लागतं, माझ्या अंगणावर तर त्यांच्या आईने लावलेला कडुनिंब पसरलेला. निंब तोडायचा विषय त्यांनी काढूच दिला नाही.

“मन्हा गच्चीवर लाव. पासवर्ड मले सांगी ठेव.”

“चालेल.”

“पाऊसमा?”

“जोराच्या पावसात तुमचा टीव्ही जातो, तसंच थोडा वेळ जाईल.”

“करंट कितला खाई?”

मी म्हटलं, 75 वॉट धरा. दिवसभर नि रात्रभर चालू ठेवलं तर रोजचे 1.8 युनिट, महिन्याला 54. आप्पांनी मीटरच्या दिशेने पाहिलं, काठीने एक कावळा हाकलला आणि निकाल दिला.

“दिनमा चालू, रातले बंद. रातले तुले डोया मिचकावाले कोन सांगस?”