ईस्ट बंगाल ‘आशियाचा विजेता’ नव्हे, पण कप खराच

पार्क मैदानावर सकाळी खेळायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून कोलकात्याच्या ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय : “२००३ साली ईस्ट बंगाल आशियाचा चॅम्पियन झाला.” त्याला उत्तर म्हणून दुसरा आला : “भारतीय क्लबला बाहेर कधीच काही जिंकता आलं नाही, बंगळुरूसुद्धा हरलं.” दोन्ही चुकीचे, म्हणून हा खुलासा.

२६ जुलै २००३ रोजी जकार्तात झालेली फायनल आसियान क्लब चॅम्पियनशिपची होती. म्हणजे आग्नेय आशियातल्या क्लबांची स्पर्धा, अख्ख्या आशियाची नव्हे. भारत आसियानमध्ये नाहीच. ईस्ट बंगाल निमंत्रित संघ होता. पण म्हणून कप हलका ठरत नाही बरं का! समोर थायलंडचा बीईसी तेरो सासाना होता आणि हाच संघ त्याच हंगामात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत पोहोचला होता; ती फायनल तो पुढे ऑक्टोबरमध्ये यूएईच्या अल ऐन क्लबकडून हरला. त्याला ईस्ट बंगालने ३-१ असं हरवलं. गोल माइक ओकोरो, भायचुंग भुतिया आणि अल्विटो डिकुन्हाचे. प्रशिक्षक सुभाष भौमिक.

बंगळुरू एफसी या क्लबची गोष्ट वेगळी. ५ नोव्हेंबर २०१६ ला दोह्यात एएफसी कपच्या (आशियातल्या क्लबांची, चॅम्पियन्स लीगच्या खालची स्पर्धा) फायनलमध्ये ते इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाकडून ०-१ ने हरले, हे खरं. मात्र त्या स्पर्धेच्या फायनलला पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब.

पहिला फॉरवर्ड मीच पुढे ढकलला होता. तो आता काढलाय, तुम्हीही काढा.